दाराचं चाक
मंडळी, जवळ सरका, देवाला स्मरून एक खरी गोष्ट सांगतो. आम्ही दोघे निवृत्त नौसैनिक नौदलावरचा सिनेमा पाहून तोंडं वाकडी करत बाहेर पडलो. सोबत बुडालेल्या दोस्ताची बायको, आमच्या वहिनी. “शी! जहाजात पाणी शिरलंय, पण हिरोची इस्त्री मोडत नाही!” माझा जोडीदार, आमच्या जहाजावरचा जुना आचारी, करवादला. “बंद दाराआड अडकलेला खलाशी ‘उघडा, उघडा’ म्हणून भोकाड पसरतो! किळस आली,” मी म्हणालो. वहिनी थबकल्या. “भावजी, आमचे हेही असेच रडले का हो?” मी तळहातांचे जुने वण दाखवले. “जहाजातलं दार चाक आवळून बंद करतात, वहिनी, आणि ते चाक दोन्हीकडून फिरतं. त्याच्या बाजूला पाणी भरलं होतं. दार उघडलं असतं तर सगळेच बुडालो असतो. तरी मी उघडत होतो, तो आतून आवळत होता. रडत मी होतो. शेवटी हात मीच काढले.” मंडळी, तेवढा तो चाक आवळणारा लक्षात ठेवा.