रेणूची ओ

बालरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. केतकीने पाचवी हाक मारली, तरी चार वर्षांची रेणू पाठमोरीच ठोकळे रचत बसली. "नावाला प्रतिसाद नाही" असा शेरा पडला, की बालवाडी तिला घेणार नव्हती.

"डॉक्टर, कीर्तनात तासभर बसते हो ही, बाबांसोबत टाळकऱ्यांत," आई काकुळतीला आली.

"लिहायची घाई नको गं," केतकीला शिकवणाऱ्या बेडेकर मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक श्रवणपट्टी रेणूला बांधली, दुसरी केतकीला. आता रेणूला ऐकू येईल ते सगळं, तिचा स्वतःचा आवाजही, केतकीला ऐकू येणार होतं.

केतकीने पुन्हा हाक दिली. पाठोपाठ रेणूच्या गळ्यात, बाहेर कुणालाच ऐकू न जाणारा, अगदी त्याच सुरातला हुंकार उमटला. बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती मागून उचलावी, तसा. आणि टाळकरी काही ओळ उचलताना मान वळवून बघत नाहीत!

केतकीचे डोळे भरून आले. "मॅडम, पोर दर वेळी ओ देत होती. बहिरी मीच!"

"मला हे कळायला सात वर्षं लागली गं," मॅडम म्हणाल्या. " तेव्हा पट्ट्या कुठे होत्या?"

केतकीने रेणूच्या मागे मांडी घातली आणि हाक सुरात लावली. या वेळची ओ आईलाही ऐकू आली.