न पेटलेली चिप

वीज दिली की लाल उजेड देईल अशी चिप बनवता बनवता एक तरुण संशोधिका पार मेटाकुटीला आली होती. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत प्रत्येक चिपला वीज जोडून ती डोळे फाडफाडून बघायची आणि "मेली ही पण!" म्हणत डब्यात भिरकावायची. आज शेवटच्या चिपपुढेही तिने हात टेकले. सरांनी तर सांगूनच टाकलं होतं, "आता बास, गुंडाळ हे सगळं."

नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. "जेवलीस का गं?"

"जेवण गेलं खड्ड्यात! हिच्यापायी वर्ष वाया गेलं माझं," म्हणत तिने तारा जोडलेली चिप फोनसमोर नाचवली.

"अगं, पेटलीय की! चांगला जांभळा ठिपका दिसतोय."

"आई, उगाच माझी समजूत काढू नकोस!"

चिपवर तिला अजूनही मिट्ट काळोखच दिसत होता. पण फोनच्या पडद्यावर ठिपका लखलखत होता. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा, लालच्याही पलीकडचा उजेड कॅमेऱ्याने अचूक टिपला होता.



आणि वर्षभर 'मेली' म्हणून फेकलेल्या असल्याच जिवंत चिपांचा डबा तिने सकाळीच, रागारागाने, स्वतःच्या हाताने कचरागाडीत रिकामा केला होता.