गीतांजलीचं अँथुरियम

गीतांजलीनं परजातीत लग्न केल्यापासून देविदासनं लेकीशी बोलणं टाकलं होतं. पण तिनं मागं ठेवलेलं मखमली पानांचं दुर्मीळ अँथुरियम तो जिवापाड जपायचा. लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यानं कूलरचं तोंडसुद्धा कुंडीकडं वळवलं होतं. तरीही नवं पान निम्मं उघडून अडकलं आणि कडा वाळू लागल्या. बराच वेळ घुटमळून त्यानं फोन लावला. “गीता, नवं पान उघडंना झालंय. ओढून सोडवू का?” “ओढू नका, आप्पा. फाटंल. कोमट पाण्यात कापूस भिजवून कडेकडेनं ओलं करा.” फोन चालू ठेवूनच त्यानं कापूस भिजवला, पण कोवळ्या पानाजवळ नेलेला हात मागं घेतला. “माझ्यानं व्हत न्हाई, माय. तूच ये.” “मी एकटीच?” तिनं विचारलं. तिचं कुठं अडलंय, ते त्याला कळलं. “जावईबापूंनाबी संगं घेऊन ये.”