दोन बोटांची टकटक

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, वडिलांनी बांधलेल्या चिनी घरात, दातांचे डॉक्टर लिऊकाका एकटेच राहायचे. माणूस भारी मानी. गुडघाभर उंच उंबरा ओलांडतानासुद्धा त्यांना कुणाचा हात चालत नसे. शेजारची धनलक्ष्मी दुपारची भाकरी घेऊन यायची, तीही मदत म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून.

चिनी लोकांत कुणी चहा ओतला, की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे. काकू वारल्या, तरी काका रोज त्यांचाही कप भरत, त्यांच्या टकटकीसाठी कान देऊन थांबत आणि शेवटी तो गार चहा कुंडीत ओतत.

आज किटली त्यांनी आपणहून पुढे सरकवली. "आज तू ओत, पोरी."

एरवी ते किटलीला कुणाला हात लावू देत नसत. धनलक्ष्मीनं आधी काकूंचा कप भरला.

रिकाम्या खुर्चीसमोर टेबल वाजलं. टक, टक.

"ऐकलंस की?" काकांचे डोळे भरून आले. "लई वाट बघायला लावली बघ हिनं."

मग तिनं त्यांचा कप भरला. काकांनी हसत, नेहमीसारखी, दोन बोटं टेबलावर आपटली.

मग पुन्हा आपटली, जोरात.

आवाज आलाच नाही; बोटं लाकडातून आरपार गेली होती.