लाल कार्ड

वनिताने स्वतः पसंत केलेल्या मुलाचं सिकलसेल तपासणीचं कार्ड आईपुढे ठेवलं. तिच्यासारखंच पिवळं.

तिची आई मैनाबाई गावची आशाताई. घरोघरी जाऊन ती दोन पिवळी कार्डं मांडायची, खाली एक लाल. सांगायची, "पिवळं म्हणजे रोग नुसता रक्तात लपलेला. दोन पिवळ्यांचं लग्न झालं, तर लाल कार्डाचं लेकरू होऊ शकते." ते लाल कार्ड तिच्याच गेलेल्या पोराचं होतं.

आज तिने दोन्ही पिवळी शेजारी ठेवली, पण लाल काढायला हात पिशवीत जाईना. चुलीवर भात लागल्याचा वास सुटला, तरी ती बसूनच राहिली.

"मग तू अन् बाबानं कसं केलं लग्न, माय?"

"तेव्हा कार्डं नव्हती."

वनिताने आईची पिशवी ओढली, भावाचं लाल कार्ड काढून दोन्ही पिवळ्यांखाली ठेवलं आणि भात उतरवायला उठली.