मोजणीपुरत्या गोळ्या

"चारच्या आत गोळ्यांची बाटली घेऊन दवाखान्यात या म्हणतायत," नेटीने फोन ठेवला. "आता काय उजेड पाडायचा तो पाडा."

तिच्या नवऱ्याने, डेल्मर स्टॅम्परने, टेबलावर गोळ्या ओतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. पुन्हा मोजल्याने गोळ्या वाढल्या असत्या तर आमच्या स्पाइसवुड खोऱ्यात कुणालाच कसली ददात राहिली नसती. मूठभर कमीच भरत होत्या.

खाणीचं छत अंगावर आलं तेव्हापासून डेल्मरच्या पाठीत लोखंडी सळ्या आहेत. खाण बंद पडली, सळ्या राहिल्या. दुखण्याचा दवाखाना महिन्याच्या महिन्याला अफूच्या जातीच्या गोळ्या देतो आणि लहर आली की फोन करून बाटली बघायला मागवतो. महिन्याचे जितके दिवस उरलेत तितक्या दिवसांच्या गोळ्या आत हव्यात. कमी भरल्या म्हणजे विकल्यास, नाहीतर जास्त गिळल्यास. दोन्हीला शिक्षा एकच, नाव कमी. डेल्मरने विकल्या नव्हत्या. पण यंदा थंडीने पाठ अशी धरली होती की एकीच्या जागी दोन जात होत्या.

"काढणार आता मला," तो म्हणाला. "मग काय, पेट्रोल पंपामागे जाऊन उभं राहायचं. होबार्ट मुकादमाच्या पुतण्यासारखं."

नेटीचा हात फडक्यावरच थांबला. मुकादमाच्या पुतण्याने पंपामागून घेतलेली गोळी हुबेहूब दवाखान्यातल्यासारखी होती. निळी, गोल, वर तेच अक्षर कोरलेलं. आत मात्र फेंटानिल, कणभरानेही माणूस मारणारं. पोरगा चर्चच्या आवारात गाडीतच सापडला, पट्टा लावून बसलेला.

"भलतंसलतं बोलू नका," नेटी म्हणाली. "उठा आणि उसन्या आणा."

आमच्याकडे गवत कापायचं यंत्र उसनं मागितलं तर लोक सतरा सबबी सांगतील. मोजणीसाठी गोळ्या मागा, कुणी नाही म्हणत नाही. आज तुझा फोन, उद्या माझा. न्यायच्या, मोजून आणायच्या, त्याच दिवशी परत करायच्या. या व्यवहारात कुणी कुणाला बुडवल्याचं मी तरी ऐकलं नाही. साखरेच्या बाबतीत ऐकलंय.

होबार्ट, खाणीतला त्याचा जुना मुकादम, पडवीत झुलत बसला होता.

"काय डेल्या, फोन आला वाटतं? छताखालून बाहेर काढला तेव्हा असंच तोंड होतं तुझं."

"तुम्ही मात्र बाहेर होतात, मुकादम."

"म्हणून तर बघायला मिळालं." हसत हसत मुकादमाने बाटली उघडली, जरा हात आखडून गोळ्या दिल्या. "माझाही फोन येऊ शकतो. बाकीच्या गोळ्या बाईंकडून घे."

बाई म्हणजे समोरच राहणाऱ्या रूबी कोम्ब्स. चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवायच्या. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना खोटं बोलू नये हे त्यांनी शिकवलेलं. बाकीच्या निम्म्यांनाही शिकवलेलंच, पण ते लक्ष देत नव्हते. आता बाईंचे गुडघे गेले होते.

"आधी पाय पूस," बाई म्हणाल्या.

त्याने पाय पुसले आणि काम सांगितलं. बाई जरा घुटमळल्या.

"मोजायलाच ना? गिळशील एखादी."

"बाई, मी काय चोर आहे?"

"वर्गातली चित्रं चोरायचास. नोहाच्या नावेचं चित्र अजून तुझ्या घरी असेल."

त्या आत गेल्या. बराच वेळ खणांची उघडझाप ऐकू येत राहिली. मग कागदी रुमालात गुंडाळलेल्या गोळ्या त्यांनी त्याच्या मुठीत दिल्या आणि वर मूठ दाबली.

"कुठे बोलू नकोस. लोकांना वाटेल, बाईंकडे दुकान आहे."

गाडीत बसून डेल्मरने आपल्या, मुकादमाच्या आणि बाईंच्या गोळ्या एकाच बाटलीत ओतल्या, झाकण लावलं, बाटली हलवून बघितली. भरल्या बाटलीचा आवाज कसा दमदार येतो.

दवाखान्यात नर्सने ताटलीत गोळ्या पसरल्या आणि चपट्या सुरीने जोड्या-जोड्या करत सरकवल्या. डेल्मर भिंतीवरच्या धबधब्याच्या चित्राकडे बघत राहिला. पाठीतून कळा येत होत्या, पण कण्हायची सोय नव्हती. कण्हलं की गोळ्या संपल्याचा संशय.

"बरोबर भरल्या," नर्स म्हणाली. "तुमच्यासारखे सगळे असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं."

डेल्मरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरी बाहेर पडताना तो शीळ घालत होता.

आधी मुकादमाकडे. त्याच्या होत्या तितक्या डेल्मरने बाटलीतून मोजून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"वाचलास तर."

"वाचलो, मुकादम. पंपामागे जायची वेळ देवाने आणली नाही."

पुतण्याची आठवण निघाली म्हणून असेल, मुकादम खुर्चीतून उठला. मग त्याने ताकाचे दोन पेले भरले. "माझी दुपारची राहिलीय. तुझीही राहिली असेल. घे."

दोघांनी एकेक गोळी ताकाबरोबर गिळली. "दवाखान्याला दीर्घायुष्य लाभो," मुकादम म्हणाला आणि डोळे मिटून खुर्चीत रेलला.

डेल्मर रस्ता ओलांडून गेला तेव्हा बाई दारातच होत्या. त्याला आत घेऊन त्यांनी दार लावलं. गोळ्या हातात घेतल्या तरी मोजल्या नाहीत.

"जमलं?"

"जमलं, बाई. तुमच्यामुळे."

"मग आता सांगते. मन खातंय सकाळपासून." त्या हळूच खुर्चीत बसल्या. "दोन वर्षांपूर्वीच काढलं मला दवाखान्याने. कुणाला तरी उसन्या दिल्या होत्या आणि नेमका त्याच दिवशी माझा फोन आला. मुलांना देवाधर्माचं शिकवणारी बाई आता पंपामागे उभी राहते, हे कुठल्या तोंडाने सांगू? घेताना मी नखाएवढा तुकडा काढते, जिभेवर ठेवते आणि जाग राहते का बघते. पण तुला तर नुसत्या मोजायलाच हव्या होत्या, म्हणून दिल्या."

डेल्मर खिडकीशी जाऊन समोरच्या मुकादमाच्या पडवीकडे बघू लागला, तसं बाईंनी वर बघितलं.

"वेगळ्या ठेवल्या होत्यास ना रे माझ्या?"