शेजारचं रडणं

राहेलचं बाळ जन्मलं आणि तासाभरातच गेलं. दोंडाईच्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्याला ठेवून आल्याला आज पाचवा दिवस होता, पण अंगावरचं दूध आटायचं नाव घेत नव्हतं.

शेजारच्या पुष्पाबाईंच्या ओल्या बाळंतीण सुनेला तापामुळे धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. तान्ह्या नातवाला वरचं दूध पचेना. सकाळपासून त्याचं रडणं भिंतीपलीकडून येत होतं. दुपारी ते क्षीण झालं, तशी राहेल उठली आणि न बोलावता त्यांच्या घरात जाऊन बसली.

"पोर दे माले, अक्का. मी पाजस त्याले."

पुष्पाबाईंनी नातवाला छातीशी घट्ट धरलं. "तू रोज म्हनस, मना देव चांगला शे. मंग तुनं पोर काबर लई गया तो?"

"ते माले बी समजनं नही." राहेलने हात पुढे केले. "पन तो चांगला शे. दे."

बाळ चुटूचुटू पिऊ लागलं. पोट भरल्यावर तिथंच झोपलं. राहेल त्याला परत द्यायला लागली, तर पुष्पाबाईंनी हातच पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे घडीभर," त्या म्हणाल्या. "तुना मांडीले बी बरं वाटी."